काळी पांच कोणाची?

आमच्या घरांत सध्यां दोन वाद्यें नांदत आहेत. माजघरांत भिंतीला टेकून काकूंचा तंबोरा उभा असतो, आणि पलीकडच्या खोलींत धाकट्या बंधूंच्या मुलीचा विजेवर चालणारा पियानो आहे. ही आमची पुतणी कानांना यंत्र लावून वाजविते. त्यामुळें घरांतल्या माणसांना तिचें संगीत ऐकूं न येतां पट्ट्या दाबल्याची टकटक तेवढी ऐकूं येते. सहा वर्षें ऐकून ह्या टकटकीची आम्हांस इतकी संवय झाली कीं, गेल्या श्रावणांत ती आठ दिवस बंद पडली तेव्हां आमच्या मातोश्रींनीं सर्वांच्या आधीं विचारलें, "पोरीला बरें नाहीं कां रे?"

पोरीला बरें होतें. तिनें पियानो सोडावयाचें मनांत घेतलें होतें.

कारण विचारतां तिनें चार पानांची एक स्वरलिपि आमच्यापुढें ठेविली. क्लोद देब्युसी ह्या फ्रेंच संगीतकाराची ती रचना, नांव 'व्वाल'. "ह्यांतला एकेक स्वर मला वाजवितां येतो, काका," ती म्हणाली, "पण मी काय वाजवितें आहें तेंच मला कळत नाहीं. नुसतें टंकलेखन केल्यासारखें होतें. बाईंनीं प्रत्येक बारखालीं त्यांतली हार्मनी लिहून आणायला सांगितली आहे. आजवर सगळ्यांची लिहिली. ह्याची पहिली ओळसुद्धां लिहितां येत नाहीं. न कळतां वाजवायचें तर वाजवायचें कशाला?"

हा शेवटचा प्रश्न आम्हांस फार आवडला, व त्यामुळेंच त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी आम्हीं कांहींशा घाईनें आपल्या शिरावर घेतली. त्या घाईचें फळ पुढें येईलच.

आमच्या बहुतेक वाचकांचे कान रागसंगीतावर पोसलेले आहेत. आपल्याकडे स्वर एकामागून एक येतात, आणि प्रत्येक जण तंबोऱ्याच्या अचल षड्जाशीं आपलें नातें सांगतो. युरोपांत तीन-तीन, चार-चार स्वर एकाच वेळीं वाजविण्याची रीति कित्येक शतकें चालत आली आहे. अशा गुच्छास कॉर्ड म्हणतात, आणि एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाण्याचें जें शास्त्र तें हार्मनी. ह्या शास्त्राचा सारा प्राण ओढींत आहे. पंचमावर उभारलेली कॉर्ड वाजली, तिच्यांत शुद्ध निषाद व मध्यम हे दोन अस्वस्थ स्वर मिसळले, कीं कान षड्जाची वाट पाहूं लागतो. माहेरीं आलेल्या लेकीची पिशवी भरून दाराशीं ठेविलेली दिसली कीं घरांतल्यांना गाडीची वेळ आठवते, तसें. विद्यार्थी प्रत्येक कॉर्डखालीं रोमन आंकडा लिहितो; षड्जावरची ती एक, पंचमावरची ती पांच. घर किती दूर राहिलें हें ह्या आंकड्यांवरून कळतें. आमच्या पुतणीची तक्रार थोडक्यांत अशी होती कीं, ह्या तुकड्यांत घरच सांपडत नाहीं, तर अंतर कोठून मोजावें?

देब्युसींचा जन्म १८६२ सालचा. दहाव्या वर्षीं ते पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेंत दाखल झाले, १८८४ सालीं त्यांनीं तेथील रोमचें मानाचें पारितोषिक मिळविलें, आणि १९१८ सालच्या मार्च महिन्यांत, जर्मन तोफा पॅरिसवर गोळे टाकीत असतां, ते वारले. पियानोसाठीं त्यांनीं 'प्रेल्यूद' नांवाच्या चोवीस लहान रचनांचीं दोन पुस्तकें लिहिलीं. पहिलें पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांतली दुसरी रचना म्हणजे 'व्वाल'. तिच्यावर १२ डिसेंबर १९०९ ही तारीख आहे. सारी मिळून चौसष्ट बारांची, म्हणजे दोन दोन मात्रांच्या चौसष्ट लहान खंडांची, ही रचना तीन-चार मिनिटांत आटपते.

ह्या पुस्तकाची एक गंमत सांगितली पाहिजे. रचनांचीं नांवें आरंभीं छापलेलीं नाहींत. प्रत्येकीच्या शेवटीं, पानाच्या तळाशीं, तीन टिंबें देऊन कंसांत नांव घातलें आहे. आधीं ऐका, मग वाटलें तर नांव वाचा, असाच त्यांतला भाव दिसतो. 'व्वाल' ह्या शब्दाची तर आणखीच गंमत. फ्रेंच भाषेंत हा शब्द पुल्लिंगी धरला तर अर्थ होतो तलम बुरखा; स्त्रीलिंगी धरला तर गलबताचें शीड. अनेकवचनांत लिंग दिसत नाहीं, व देब्युसींनीं लिहिलें आहे अनेकवचन. अंतरपट कीं शिडें? कापड आणि वारा एवढें मात्र दोन्हींकडे खरें.

अशा संगीताला 'इंप्रेशनिस्ट' म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द चित्रकलेंतला. क्लोद मोने ह्यांचें सूर्योदयाचें एक चित्र १८७४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत लागलें, तेव्हां त्याच्या नांवावरून एका टीकाकारानें थट्टेनें हा शब्द त्या चित्रकारांच्या मंडळीला चिकटविला. देब्युसींना तो आपल्या संगीताला लावलेला मुळींच खपत नसे. आम्हांसहि तो फारसा उपयोगाचा वाटत नाहीं. कारण धूसर, तरल, स्वप्नाळू असलीं विशेषणें जोडलीं कीं काम झालें असें वाटूं लागतें, आणि धुकें नक्की कशानें पडलें हें पाहायचें राहून जातें.

तें पाहायला पियानो नसला तरी चालेल. घरांतली पेटी काढा. पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी तीन. मग काळी तीन, काळी चार, काळी पांच. आणि वरची पांढरी एक. ओझरते एखाददुसरे स्वर सोडले तर 'व्वाल'चे पहिले एकेचाळीस बार ह्याच सहा पट्ट्यांवर आहेत. (सप्तक म्हणावें तर स्वर सहाच, तेव्हां षट्क म्हणूं.) ह्या सहांत प्रत्येक दोन शेजाऱ्यांमधलें अंतर अगदीं सारखें आहे. आपल्या नेहमींच्या सरगमांत तसें नसतें. तेथें गंधार व मध्यम एकमेकांना खेटून बसतात, निषाद षड्जाला खेटून बसतो, आणि ह्या दोन जवळिकींवरूनच आपण सप्तकांत कोठें आहों हें कान ओळखतो. सगळ्या पायऱ्या सारख्या, मध्यें कोठें चौक नाहीं, अशा गोल जिन्यांत आपण कितव्या मजल्यावर आलों हें जसें कळत नाहीं, तशी ह्या षट्कांत कानाची अवस्था होते.

कॉर्ड करूं म्हटलें तर तीच गत. एकाआड एक पट्टी घेतली तर पांढरी एक, पांढरी तीन व काळी चार ही एक कॉर्ड. आणि पांढरी दोन, काळी तीन व काळी पांच ही दुसरी. तिसरी निघतच नाहीं. शिवाय ह्या दोहींतले तीनहि स्वर एकमेकांपासून सारख्या अंतरावर. तीनहि बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचा पाया कोणता? कोणत्याहि बाजूवर बसवा, दिसतो तसाच. रोमन आंकडा लिहायचा तो पायाच्या स्वराखालीं. पायाच नाहीं तर मुलीनें लिहावें काय?

हें षट्क देब्युसींनीं शोधिलें असें नव्हे. ग्लिंका ह्या रशियन संगीतकारानें १८४२ सालच्या आपल्या एका ऑपेरांत जादूगाराच्या प्रवेशासाठीं तें वापरलें होतें. पण तेथें तें क्षणभराच्या चमत्कारापुरतें येऊन जातें. येथें त्यांतच बिऱ्हाड थाटलें आहे.

आरंभीं उजव्या हातांत दोन दोन स्वरांच्या जोड्या वरून खालीं ओघळत येतात. पांचव्या बारांत अगदीं खालच्या बाजूला, हलक्या आवाजांत, एक स्वर पडतो: काळी पांच. तो एकदां आला तो जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाहीं. वर कांहींहि चालो, खालीं थोड्या थोड्या वेळानें काळी पांच. युरोपांत अशा धरून ठेवलेल्या खालच्या स्वराला 'पेडल' म्हणतात. चर्चमधल्या ऑर्गनला पायांनीं दाबायच्या ज्या पट्ट्या असतात त्यांवरून हें नांव पडलें.

आम्हांस वाटलें, हा तर सरळ खर्ज! मग काकूंना विचारायला काय हरकत? काकू तरुणपणीं आठ वर्षें गाणें शिकल्या आहेत, आणि त्या काळीं त्यांची पट्टीहि काळी पांचच होती. आतां वयानें दोन स्वर उतरली. आम्हीं पुतणीच्या कानांतलें यंत्र काढविलें, तंबोरा त्या खोलींत नेला आणि काकूंना म्हटलें, "काळी पांचांत लावा, आणि ही वाजवील तें ऐका."

काकूंनीं षड्जाच्या तारा जुळविल्या आणि पहिल्या तारेच्या खुंटीवर हात ठेवून विचारलें, "ही कशांत लावूं?"

साधाच प्रश्न, पण आमची बोलती बंद झाली. काळी पांच हा षड्ज धरला तर पंचम येतो पांढरी चारवर आणि शुद्ध मध्यम काळी दोनवर. त्या सहा पट्ट्यांत ह्या दोहोंपैकीं एकहि नाहीं. पंचम नाहीं, मध्यम नाहीं, तर तंबोऱ्यानें बोलावें कशाच्या आधारानें? काकूंनीं कोमल निषादांत लावून पाहिली, आणि तोंड वांकडें करून लगेच तार उतरविली. "ज्याला तंबोरा जुळत नाहीं," त्या म्हणाल्या, "त्याला मी गाणें कसें म्हणूं?"

काकूंच्या म्हणण्याला गणिताचाहि आधार आहे. तंबोऱ्याच्या तारेंतून आपोआप ऐकूं येणारा जो शुद्ध गंधार, त्याचें षड्जाशीं प्रमाण पांचास चार. असे तीन गंधार एकावर एक रचले तर वरचा षड्ज यावा अशी ह्या षट्काची अपेक्षा असते. पण हिशेब केला तर जेथें १२८ भरावयास हवेत तेथें १२५ च भरतात. ही तूट पियानोवर व पेटीवर साऱ्या पट्ट्यांत थोडी थोडी वांटून दिलेली असते. म्हणजे हें सहा सारख्या पायऱ्यांचें षट्क गळ्यानें वा तंबोऱ्यानें जन्मलेलें नसून समान वांटणीच्या वाद्यानें जन्मलेलें आहे. ह्याच समान वांटणीचें पाप पेटीच्या माथीं मारून आकाशवाणीनें १९४० सालीं तिला दार बंद केलें होतें, आणि पुढें तीस वर्षें तें उघडलें नाहीं. देब्युसींनीं त्या दोषाचेंच भांडवल केलें.

इतक्यांत पुतणीचे हात बेचाळिसाव्या बारावर आले, आणि वारा सुटला. तिन्ही पांढऱ्या पट्ट्या एकदम नाहींशा झाल्या. दोन्हीं हात फक्त काळ्या पट्ट्यांवरून, पांचच्या पांचांवरून, सरसर वर चढूं लागले, आवाज वाढला (साऱ्या तुकड्यांत आवाज मोठा होतो तो येथेंच), आणि सहाच बारांत हें वादळ विरून पुन्हां पूर्वींचें षट्क आलें. काकूंनीं तंबोरा मांडीवर घेतला. "पुन्हां वाजव ग." पुन्हां वाजविलें. काकूंनीं पहिली तार मध्यमांत लावली, आणि त्यांचा चेहरा खुलला. "मालकंस!"

पेटीवर ताडून पाहा. काळी पांच षड्ज; मग काळी एक कोमल गंधार, काळी दोन मध्यम, काळी तीन कोमल धैवत, काळी चार कोमल निषाद. मालकंसाचे स्वर बरोबर पांच, आणि काळ्या पट्ट्याहि बरोबर पांच. आमच्या आनंदाला सीमा उरली नाहीं. आम्हीं पुतणीला तिथल्या तिथें सांगितलें, "लिहून टाक. काळी पांच हा षड्ज. आधीं षड्ज आहे पण राग हरवलेला आहे. मध्यें सहा बार मालकंस सांपडतो. मग पुन्हां हरवतो. झाली तुझी हार्मनी." तिनें निमूटपणें लिहून घेतलें.

धाकटे बंधु तेवढ्यांत कचेरींतून आले होते. ते म्हणाले, "म्हणजे फ्रेंचांनीं आपलेंच उचललें म्हणा ना!" अशा बाबतींत आपल्या लोकांचा उत्साह दांडगा असतो, म्हणून येथें थोडें थांबून खुलासा केलेला बरा. बडोद्याचे गायक व वीणावादक इनायत खां हे पुढें पॅरिसला गेले व तेथें त्यांची आणि देब्युसींची गांठ पडली, हें खरें. पण इनायत खां हिंदुस्थान सोडून निघाले ते १९१० च्या सप्टेंबरांत, आणि 'व्वाल'वर तारीख आहे १९०९ च्या डिसेंबरची. तेव्हां हा धागा तुटतो. देब्युसींनीं १८८९ सालच्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत जावा बेटांतल्या वादकांचें गॅमेलान ऐकलें होतें, व तें त्यांच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. पांच स्वरांची ही ओढ आणि खालीं घंटेसारखा पडणारा स्वर तेथून आला असावा असें पुष्कळ अभ्यासक मानतात. काळ्या पट्ट्या पांचच असतात हेंहि एक कारण आहेच. जगांत जेथें जेथें पांच स्वरांचें संगीत आहे तेथें तेथें आपला मालकंस कोणीतरी नेला असें म्हणावयाचें झाल्यास आपल्याला पुष्कळ हिंडावें लागेल.

पुढच्या आठवड्यांत पुतणी शिकवणीहून परत आली. बाईंनीं आमचें उत्तर खोडलें नव्हतें. त्याखालीं पेन्सिलीनें एकच सूचना लिहिली होती: ते सहा बार वाजवून थांब, मग खालीं काळी पांच दाब आणि ऐक, मग तिच्याऐवजीं खालीं काळी दोन दाब आणि ऐक.

रात्रीं जेवणें झाल्यावर हा प्रयोग झाला. मातोश्रीहि येऊन बसल्या. पुतणीनें वादळ उठविलें आणि मध्येंच हात थांबविला. स्वर घुमत असतांच खालीं काळी पांच वाजली. होतें तसेंच राहिलें, अधांतरीं. पुन्हां वादळ, पुन्हां थांबणें, आणि ह्या वेळीं खालीं काळी दोन. सगळें जागच्या जागीं बसलें. फळीवरचें भांडें जरा कलतें असावें आणि कोणी बोटानें सरळ करावें, इतक्या सहज. काकूच आधीं बोलल्या: "अग बाई, षड्ज इकडे होता होय! मग हा मालकंस कसला? ही धानी."

आणि तसेंच होतें. काळी दोन षड्ज धरला तर त्याच पांच पट्ट्या सा, कोमल ग, म, प, कोमल नि होतात. आणि काळी पांच, जिला आम्हीं घरमालकीण समजत होतों, ती होते पंचम.

मग मागचे एकेचाळीस बार नव्यानें ऐकावे लागले. खालीं पंचम धरलेला आहे. वरच्या सहा पट्ट्यांत पांढरी दोन आहे. काळी दोनच्या हिशेबानें ती शुद्ध निषाद, षड्जाला अगदीं खेटून असलेली. काळी चारहि आहे, ती मध्यम. पंचमाच्या कॉर्डमधले ओढ लावणारे म्हणून जे दोन स्वर आम्हीं वर सांगितले तेच हे. म्हणजे धुक्याच्या आंत लेकीची पिशवी भरून ठेविलेलीच होती! तिच्या शेजारीं दोन-तीन परके स्वर उभे केल्यामुळें आणि कॉर्डचा स्वतःचा एक मुख्य स्वर, पांढरी चार, काढून घेतल्यामुळें ती ओळखूं येत नव्हती, एवढेंच. तरुणपणीं देब्युसींचे आपल्या गुरूंशीं, एर्नेस्त गिरो ह्यांच्याशीं, जे वाद होत ते एका सहाध्यायानें टिपून ठेविले आहेत. त्यांत, आधारस्वराची जाणीव पाण्यांत बुडवून टाकावी, अशा अर्थाचें देब्युसींचें एक म्हणणें आहे. बुडविणें म्हणजे नाहींसें करणें नव्हे, हा भेद आमच्या लक्षांत आला नव्हता.

बेचाळिसाव्या बारांत काय होतें तेंहि आतां पट्ट्यांवर नीट दिसतें. काळी तीन, चार व पांच ह्या तिन्ही दोन्हींकडे सामाईक आहेत. त्या जागच्या हलत नाहींत. पांढरी एक, दोन व तीन निघून जातात, आणि त्यांच्याच मधल्या दोन फटींतून काळी एक व काळी दोन वर येतात. अस्वस्थ निषाद शेजारच्या षड्जांत गेला. ओढ फिटली, पण अर्धीच. कारण खालचा पंचम जागचा हलला नाहीं. पाहुणे घरांत आले खरे, पण वहाणा न काढतां उभ्याउभ्याच बोलूं लागले. ते फार वेळ थांबणार नाहींत हें घरांतल्यांनीं ओळखावें. आणि सहा बारांनंतर ते जातातहि.

आमची चूक कोठें झाली ह्याचा आम्हीं बराच विचार केला. काकूंना मालकंस ऐकूं आला, त्यांत चूक नव्हती. खालीं सतत काळी पांचच वाजत आहे. बाईंनीं सुचविलेली खर्जांतली काळी दोन देब्युसींनीं त्या सहा बारांच्या तळाशीं लिहिलेलीच नाहीं. मालकंसाची छाया तेथें पडते, आणि ज्याच्या कानांत मालकंस मुरलेला आहे त्याला ती दिसणारच. चूक आमची ही कीं, खालीं जो न हलणारा स्वर असेल तो षड्जच, हा आपल्या घरचा नियम आम्हीं परक्या घरीं नेऊन लावला. युरोपांत खालीं धरून ठेवलेला स्वर पुष्कळदां पंचम असतो. ऑर्गनवर मोठ्या रचनांचा शेवट जवळ आला कीं वादक पायानें पंचम दाबून धरतो आणि वर सारी उलथापालथ होऊं देतो. ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून कळतें कीं आतां मुक्काम आला. आपला धरलेला स्वर सांगतो, 'घरींच आहों'. त्यांचा सांगतो, 'घर जवळ आलें'. देब्युसींनीं त्यांचा हा जुना संकेत घेतला, सबंध तुकड्याखालीं पसरला, आणि मुक्काम मात्र येऊं दिला नाहीं. आणि त्याहून वाईट म्हणजे, मुलीचा प्रश्न अजून जिवंत असतां आम्हीं तिच्या वहींत उत्तर लिहवून तो मिटविला. वडीलधाऱ्यांच्या हातून हें फार होतें.

पुतणीनें त्यानंतर जें केलें तें आम्हांला सुचलें नसतें. आठ दिवस तिनें मुद्दाम त्या सहा बारांच्या खालीं डाव्या हातानें काळी दोन वाजविली, म्हणजे देब्युसींनीं न लिहिलेला स्वर घालून वाजविलें. तो कानांत पक्का बसल्यावर एके दिवशीं काढून टाकला. आतां तो वाजत नसतांहि त्याची जागा तिला ऐकूं येऊं लागली, आणि तिचें वाजविणें बदललें. पूर्वीं काळी पांच ती घंटेसारखी ठोकून वाजवीत असे, आमच्या 'षड्ज आहे' ह्या उपदेशानंतर तर जास्तच. आतां तोच स्वर लांबून, पलीकडच्या आळींतून आल्यासारखा येऊं लागला. वरचे स्वर त्याच्यावर उभे न राहतां तरंगूं लागले. रचनेच्या आरंभीं देब्युसींनीं लयीला काटेकोरपणा नसावा, ती गोंजारणारी असावी, अशी सूचना दिली आहे. ती तिला इतके दिवस नुसती वाचतां येत होती.

तिनें वही नव्यानें लिहिली. पहिल्या एकेचाळीस बारांखालीं एकच लांब रेघ व पांचाचा रोमन आंकडा, त्यापुढें प्रश्नचिन्ह. सहा बारांखालीं एकाचा आंकडा, आणि त्याच्या तळाशीं पंचम अजून धरलेला आहे अशी खूण. पुढच्या सतरा बारांखालीं पुन्हां रेघ, पुन्हां पांच, पुन्हां प्रश्नचिन्ह. बाईंनीं एक आंकडा तेवढा ठळक केला. दोन्ही प्रश्नचिन्हें राहूं दिलीं.

परवां संध्याकाळीं तिनें तो तुकडा कानाला यंत्र न लावतां सबंध वाजवून दाखविला. शेवटीं आरंभींच्या त्या दोन दोन स्वरांच्या जोड्या पुन्हां ओघळत येतात, काळी पांच केव्हां थांबली तें कळतहि नाहीं, आणि पांढरी एक व पांढरी तीन ही एकच जोडी उरते. ती विरेपर्यंत तिनें हात उचलले नाहींत. मातोश्री वाट पाहून म्हणाल्या, "पुढें?" पुतणी म्हणाली, "संपलें, आजी." मातोश्रींनीं "बरें," म्हटलें, आणि देवापाशीं दिवा लावायला उठल्या.

बाईंनीं आतां तिला त्याच पुस्तकांतली दहावी रचना दिली आहे. समुद्रांत बुडालेलें एक मंदिर पहाटे पाण्यावर येतें, अशी ब्रिटनी प्रांतांतली दंतकथा तिच्या मुळाशीं आहे. तिच्यांत कॉर्ड एकीमागून एक अशा जातात कीं, जुन्या हार्मनीच्या मास्तरांनीं कानांवर हात ठेवावे. ह्या खेपेस आम्ही वहीला हात लावणार नाहीं. तंबोरा मात्र त्याच खोलींत ठेविला आहे. काकूंनीं परत नेऊं दिला नाहीं.